शंभरातले किती?

प्रश्न: मी दंतवैद्य आहे. दोन वर्षांपासून एका सरांच्या दवाखान्यात काम करते. दात काढला की प्रत्येक पेशंटला पाच दिवस अँटिबायोटिक लिहून द्यायचं, हा इथला नियम. कॉलेजात वेगळं वाचलं होतं, पण सर म्हणतात, 'तीस वर्षांत कुणाला काही झालं नाही, ते गोळ्यांमुळेच.' परवा एका कंपनीचा प्रतिनिधी माउथवॉशचं पत्रक ठेवून गेला. त्यावर लिहिलंय, 'हिरड्यांचा दाह ४७ टक्क्यांनी कमी, संशोधनाने सिद्ध'. पेशंट मोबाइलवर वाचलेलं काहीबाही दाखवतात ते वेगळंच. दिवसाला वीस-बावीस पेशंट बघायचे, मग संशोधन वाचायचं कधी, शोधायचं कुठे आणि खरं कोणतं हे ओळखायचं कसं? पबमेड (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) उघडते, हजारो निबंध येतात, बंद करते.

उत्तर: डॉक्टर, पबमेड बंद करता हे एका अर्थी बरंच करता. सुरुवात तिथून करायचीच नसते. सुरुवात कागदावर, चार ओळींत. कोणाला? काय द्यायचं? त्याऐवजी काय? आणि मोजायचं काय? याला 'पिको' म्हणतात, परीक्षेपुरतं पाठही केलं असेल. तुमचा प्रश्न त्यात असा बसतो: दात काढलेला निरोगी प्रौढ माणूस, अँटिबायोटिक, प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) किंवा काहीच नाही, नंतर झालेला संसर्ग.

चौथ्या ओळीवर भल्याभल्यांचा पाय घसरतो. 'फायदा होतो का' एवढंच लिहिलंत तर हवं ते उत्तर सापडेल. संसर्ग, ड्राय सॉकेट (दाताच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून तो उघडा पडणं), दुखणं आणि ताप या चार वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची उत्तरंही वेगवेगळी येतात. पहिल्या ओळीचंही तसंच. गाल सुजून ताप घेऊन आलेला पेशंट या प्रश्नात नाही. त्याला आधीच संसर्ग आहे, तिथे आपण प्रतिबंध नाही, उपचार करतोय. हृदयात कृत्रिम झडप बसवलेला पेशंट तिसराच. त्याच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली सांगितलंय ते असं: पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर प्रौढाला दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, एकच डोस. नंतरचे पाच दिवस त्यातही नाहीत. हे तीन पेशंट एकाच नियमात कोंबले की 'सगळ्यांना पाच दिवस' असा तोडगा निघतो.

आता शोध. वरून खाली उतरायचं: आधी मार्गदर्शिका (तज्ज्ञ संस्थेने काढलेल्या उपचारांच्या शिफारशी), मग पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचे सगळे निबंध शोधून एकत्र तोलणारा) आणि एकेकटा निबंध सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांवरच काम भागतं. मार्गदर्शिकांसाठी अमेरिकन डेंटल असोसिएशन, दंतोपचारांच्या मार्गदर्शिका काढणारी स्कॉटलंडची एसडीसीईपी आणि ब्रिटनची आरोग्य-मार्गदर्शिका काढणारी संस्था नाइस ही तीन ठिकाणं हाताशी ठेवा, पैसे पडत नाहीत. मार्गदर्शिका उघडली की आधी साल बघायचं. मग प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अतिकमी हे लिहिलंय का, ते बघायचं. नुसतं 'तज्ज्ञांच्या मते' असेल तर ते मत. मतालाही किंमत असते, फक्त त्याला पुरावा म्हणायचं नाही.

दुखऱ्या दाताचंच उदाहरण घ्या. अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ची मार्गदर्शिका सांगते की प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढाला नसेचा दाह असेल, मुळाशी दुखत असेल किंवा जागच्या जागी गळू असेल आणि त्या दातावर लगेच उपचार करता येत असतील, तर अँटिबायोटिक देऊ नये. ताप असेल, अंगात कणकण असेल, संसर्ग पसरत असेल तर द्यावं. दोन मिनिटांचं वाचन, आणि रोजच्या निम्म्या चिठ्ठ्यांचा विचार बदलतो.

मार्गदर्शिकेत उत्तर नसेल तर कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे पद्धतशीर आढाव्यांचं ऑनलाइन ग्रंथालय. तिथे दंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे आणि प्रत्येक आढाव्याचा सारांश कोणालाही वाचता येतो. सारांशाखाली सोप्या भाषेतला गोषवारा असतो. तो पेशंटसाठी म्हणून सोडून देऊ नका. घाईच्या दिवशी तोच आधी वाचावा.

पबमेडवर जायची वेळ आलीच, तर नुसतं 'एक्स्ट्रॅक्शन' टाइप करू नका. वनस्पतींचे अर्क काढण्यापासून डीएनए वेगळा करण्यापर्यंत सगळं येऊन अंगावर पडेल. 'प्लाक' (आपल्यासाठी दातांवरचा जंतूंचा थर) टाकलंत तर हृदयाच्या रक्तवाहिन्या, 'इम्प्लांट' टाकलंत तर कान, डोळे आणि स्तन, 'स्केलिंग' टाकलंत तर गणित. तुमचे हजारो निबंध बहुधा असेच आलेत. पबमेडची स्वतःची विषयसूची आहे, तिला मेश म्हणतात. त्यात आपल्या गोष्टी 'टूथ एक्स्ट्रॅक्शन', 'डेंटल प्लाक', 'डेंटल इम्प्लांट्स', 'डेंटल स्केलिंग' अशा पूर्ण नावांनी नोंदलेल्या आहेत. चार ओळींपैकी दोनच ओळींचे शब्द घ्या, मधे इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'AND' टाका. चारही ओळी एकदम टाकल्या की कामाचे निबंधही गळतात. अवतरणचिन्हं शक्यतो नकोत, ती दिली की पबमेड समानार्थी शब्द स्वतःहून शोधायचं थांबवतं. मग डाव्या बाजूच्या चाळणीत 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' वर खूण करा, यादी कितीतरी आटोपशीर होते. औषध शोधताना ब्रँड नाही, रसायनाचं नाव टाका. नाहीतर तेच रसायन वापरलेले बाकीचे निबंध सुटतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. दात काढताना प्रतिबंधासाठी दिलेल्या अँटिबायोटिकवर कॉक्रेनचा आढावा आहे, २०२१ साली अद्ययावत केलेला. २३ ट्रायल्स (माणसांवर औषध तपासून बघणारे प्रयोग), ३२००च्या आसपास माणसं. त्यातला पहिला आकडा असा: अँटिबायोटिकने संसर्गाचा धोका ६६ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. इथे वाचन थांबवलंत तर सर जिंकले.

पुढचा आकडा वाचा. एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १९ जणांना औषध द्यावं लागतं. एक ड्राय सॉकेट टाळायला ४६ जणांना. आणि पुराव्याची खात्री कमी.

६६ टक्के आणि १९ जण हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत, ते वहीत मांडून बघा. १९ मध्ये एक म्हणजे शंभरात पाचाच्या किंचित वर. ६६ टक्क्यांची घट शंभरामागे पाच-सव्वापाच माणसांची असेल, तर गोळ्या न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण आठ जणांना संसर्ग होत होता आणि गोळ्या घेणाऱ्यांत तो तिघांहून कमी जणांना झाला. टक्केवारी कुठलीही दिसली की ती आधी अशी शंभर माणसांत उतरवायची. शंभरातले किती होते, शंभरातले किती उरले? पत्रक असो, निबंध असो की सरांचं वाक्य, हा एक प्रश्न सुटला नाही तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आता ही आठ माणसं कोण होती ते बघा. या ट्रायल्समधले बहुतेक लोक निरोगी होते आणि बहुतेकांच्या अडकलेल्या अक्कलदाढा काढल्या होत्या. तुमच्या खुर्चीत येणारे बरेचसे पेशंट तसे नाहीत. हलणारी पुढची दाढ, किडून मूळ उरलेला दात, चिमट्याने दहा मिनिटांत निघणारा. समजा, अशा साध्या कामानंतर तुमच्याकडे शंभरात दोघांनाच संसर्ग होतो. औषधाचा परिणाम त्याच प्रमाणात धरला तरी दोनाचे ०.७ होतात, वाचले १.३. म्हणजे एका माणसाचा संसर्ग टाळायला ७६ जणांनी पाच दिवस गोळ्या खायच्या. ७५ जणांना फायदा शून्य. त्यातल्या काहींना जुलाब, काहींना अंगावर पुरळ, क्वचित एखाद्याला जिवावर बेतणारी ॲलर्जी. जंतू औषधाला दाद देईनासे होतात तो हिशोब निराळाच. उलट, प्रतिकारशक्ती खालावलेला पेशंट असेल तर हा आढावा त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तिथे तुमचा अनुभव आणि त्याच्या फिजिशियनशी बोलणं, हाच मार्ग.

म्हणून 'दात काढला की अँटिबायोटिक' हा नियम आमच्या मते सोडून द्यावा, आणि 'कधीच नाही' हाही नियम करू नये. हाड कापून खोल अडकलेली दाढ काढणार असाल तर १९चा आकडा पेशंटसमोर मांडून ठरवा.

पत्रकाकडे वळू. ४७ टक्के. कशाच्या तुलनेत? पुष्कळदा पत्रकातली तुलना त्याच माणसांच्या पहिल्या दिवसाशी असते. पण ट्रायलमध्ये नाव घातलं आणि कोणीतरी दर पंधरा दिवसांनी हिरड्या तपासतंय म्हटलं की माणूस आपोआप ब्रश नीट करायला लागतो. नुसतं पाणी दिलेल्या गटाचाही दाह थोडा उतरतो. आकड्याशेजारी छोटा तारा असेल तर पानाच्या तळाशी बघा. तिथे 'डेटा ऑन फाइल' असेल तर त्याचा अर्थ, ही माहिती कंपनीच्या कपाटात आहे, कुठे छापलेली नाही. अशा पत्रकावर आमच्या मते वेळ घालवू नये. '९९.९ टक्के जंतू मारतो' हा दावा बहुधा काचेच्या बशीतल्या सुट्या जंतूंवरचा असतो. तोंडातले जंतू थर करून, एकमेकांना चिकटून राहतात आणि त्या थरात औषध सहज शिरत नाही.

समजा आकडा खरा निघाला, तरी काम संपत नाही. क्लोरहेक्सिडीन या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. ब्रशसोबत ते चार ते सहा आठवडे वापरलं तर हिरड्यांच्या दाहाचा निर्देशांक सरासरी ०.२१ ने उतरतो, असं कॉक्रेनचा २०१७चा आढावा सांगतो. पुरावा चांगल्या दर्जाचा. पण मोजपट्टी ० ते ३ ची आहे, त्यात ०.२१. दाह मुळातच सौम्य असेल तर एवढ्या फरकाला व्यवहारात अर्थ नाही, असं आढावा लिहिणारेच म्हणतात. दातांवर डाग मात्र दिसण्याइतके पडतात. आपल्याकडे 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट'चं भाषांतर 'लक्षणीय' असं करतात, त्याने आणखी घोटाळा होतो. लक्षणीय म्हणजे नजरेत भरणारं. संख्याशास्त्रातलं लक्षणीय एवढंच म्हणतं की हा फरक निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी. नजरेत भरेलच असं नाही. हिरड्यांच्या खिशात (दात आणि हिरडी यांच्यातल्या खोल फटीत) घालायच्या एखाद्या जेलने खोली ०.३ मिलिमीटरने घटली म्हणतात तेव्हा हातातल्या प्रोबकडे, म्हणजे ती खोली मोजायच्या सळईकडे, बघा. त्यावरच्या खुणा मिलिमीटरच्या, आणि तोच खिसा दोन डॉक्टरांनी मोजला तर एखाद्या मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

एकेकटा ट्रायल वाचायची वेळ आली तर सारांश सोडून थेट पद्धतीच्या भागात जा. दंतवैद्यकातल्या ट्रायल्सच्या काही खास खोडी आहेत. दात मोजून माणसं मोजल्यासारखं दाखवणं ही पहिली. '१२० इम्प्लांट्स' वाचून भारावायला होतं, पण ते ३० जणांच्या तोंडात असतील तर स्वतंत्र पुरावा १२० दातांचा नाही. एकाच तोंडातले चार दात एकच लाळ, एकच ब्रश आणि एकच सिगारेट वाटून घेतात. दुसरी, तोंडाच्या उजव्या बाजूला एक उपचार, डाव्या बाजूला दुसरा. फिलिंगच्या मटेरियलसाठी ही रचना ठीक आहे, पण माउथवॉश किंवा फ्लोराइडसाठी नाही, कारण एका बाजूचं औषध लाळेतून दुसऱ्या बाजूला जातंच. तिसरी, मुदत. फिलिंगचा सहा महिन्यांचा निकाल जवळपास निरुपयोगी, कारण बहुतेक फिलिंगं सहा महिने टिकतातच. आणि शेवटपर्यंत किती जण राहिले ते बघा. सुरुवातीला ८० आणि शेवटी ४५ असतील, तर गेलेले ३५ का गेले हे निबंधात लिहिलेलं हवं. ज्यांची फिलिंगं पडली तेच दुसरीकडे गेले असतील.

ट्रायल सुरू होण्याआधी नोंदवलेला होता का, हेही तपासता येतं. नोंदणी क्रमांक निबंधातच असतो. त्या नोंदीत मुख्य परिणाम 'दुखणं' लिहिलंय आणि निबंधात 'सूज' झळकतेय, तर मधे काहीतरी झालंय. नावाजलेलं जर्नल म्हणजे हमी नाही. तोंडाच्या कर्करोगावरचा एक निबंध २००५ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला होता, नॉर्वेतला, ९०८ जणांची माहिती असलेला. ती माहितीच बनावट निघाली आणि पुढच्या वर्षी निबंध मागे घेतला गेला. त्यातल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती! मागे घेतलेल्या निबंधावर पबमेड ठळक इशारा दाखवतं, पण तुम्ही कोणीतरी पाठवलेली पीडीएफ वाचत असाल तर तो इशारा दिसणार नाही. म्हणून पीडीएफ आली तरी शीर्षक एकदा पबमेडमध्ये टाकून बघायचं. हीच सवय चॅटबॉटच्या उत्तरांनाही लावा. ते संदर्भ असे सफाईने देतात की लेखक, साल, जर्नल सगळं बिनचूक वाटतं आणि निबंध अस्तित्वातच नसतो. शीर्षक पबमेडवर सापडलं नाही तर ते उत्तर बाजूला ठेवा.

मोबाइल दाखवणाऱ्या पेशंटशी वाद घालू नका, त्याच्यासमोर तोच हिशोब करा. इलेक्ट्रिक ब्रश घेऊ का, असं कोणी विचारलं तर कॉक्रेनचा २०१४चा आढावा आहे: तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा प्लाक २१ टक्के कमी, हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी. कीड कमी होते का, याचं उत्तर त्यात नाही. म्हणजे हात नीट चालत नसेल, हिरड्यांतून रक्त येत असेल तर घ्यायला हरकत नाही. साध्या ब्रशने हिरड्या ठणठणीत असतील तर अडलेलं नाही.

वेळेचं बोलायचं तर रोज वाचायची गरज नाही. खिशात छोटी वही ठेवा, दिवसभरात पडलेला प्रश्न चार ओळींत टिपा. आठवड्याला त्यातला एकच प्रश्न निवडा, जो पेशंटमध्ये सर्वांत जास्त वेळा येतो तो. वीस मिनिटं लावा: पाच मार्गदर्शिकेला, दहा कॉक्रेनला, पाच उत्तर लिहायला. उत्तर तीन ओळींचं, खाली तारीख. दोन वर्षांनी तो प्रश्न पुन्हा उघडा. वीस मिनिटांत काही सापडलं नाही तर 'ठोस पुरावा सापडला नाही' असं लिहा. ते 'उपयोग नाही' याहून वेगळं आहे. नसेच्या दाहात पेनिसिलिनने दुखणं थांबतं का, यावरच्या कॉक्रेन आढाव्यात एकच ट्रायल होता, ४० जणांचा. फरक दिसला नाही, पण ४० जणांत दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता सर. 'तीस वर्षांत कुणाला काही झालं नाही' हे वाक्य खोटं नसेल, पण त्यात शंभरातले किती ते नाही. गोळ्या दिल्याच नसत्या तर शंभरातल्या ९२ जणांना, तेही अवघड अक्कलदाढांत, काही झालं नसतंच. ज्यांना झालं त्यातले काही दुसऱ्या दवाखान्यात गेले असतील. हे पेशंटसमोर बोलू नका, आणि छापील आढावा टेबलावर आपटूनही काही होणार नाही. त्याऐवजी सरांकडे एवढंच मागा: साधे दात काढलेल्या, ताप किंवा सूज नसलेल्या, मधुमेह नसलेल्या किंवा असला तरी काबूत असलेल्या पेशंटना अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, नोंद मात्र प्रत्येकाची ठेवायची. असे शंभर पेशंट होईपर्यंत.

दुखण्यासाठी काही द्यावं लागेलच, नाहीतर पेशंट संध्याकाळी परत येईल आणि प्रयोग तिथेच संपेल. अक्कलदाढांनंतरच्या वेदनांवर ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरतं, असं कॉक्रेनचा २०१३चा आढावा सांगतो. पोटात अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण किंवा दुखण्याच्या गोळीने उठणारा दमा असेल तर आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल द्या. घरी जाताना लिहून द्या: दोन-तीन दिवसांनंतर सूज वाढायला लागली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास झाला तर फोन न करता थेट या.

वहीत रकाने सहा पुरेत. तारीख, कोणता दात, साधा की हाड कापून, गोळ्या दिल्या की नाही, सातव्या दिवशी फोनवर काय कळलं, परत यावं लागलं का. फोन लागला नाही तर तेही लिहा, रकाना कोरा सोडू नका. सातव्या दिवसाचे फोन दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना वाटून द्या, पण विचारायचे प्रश्न सगळ्यांना सारखे: सूज आहे का, ताप आला का, घाण चव किंवा पू येतो का, दुखणं पहिल्या दिवसापेक्षा कमी की जास्त. आणि संसर्ग कशाला म्हणायचं, हे पहिला पेशंट बसण्याआधीच सरांशी बोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. नंतर ठरवलंत तर प्रत्येक लाल हिरडी सरांना संसर्ग वाटेल आणि तुम्हाला एकही वाटणार नाही.